बांधकामावरचा कामगार सेफ्टीबद्दल स्वतःहून बोलायला लागावा म्हणून काय काय करायचं

दिवसभर "हेल्मेट घाल, बेल्ट लाव" ओरडत फिरायचं आणि संध्याकाळी रजिस्टर भरायचं, एवढ्यावर सेफ्टी चालत नाही हे साईटवर काम केलेल्या कुणालाही माहितीये. सेफ्टी ऑफिसर एक आणि माळे बावीस. परांचीची कुठली फळी हलतेय हे त्या फळीवर उभ्या असलेल्या प्लास्टरवाल्याला सगळ्यात आधी कळतं, कुठल्या केबलला जोड दिलाय आणि तो पाण्यात पडलाय हे व्हायब्रेटर चालवणाऱ्या पोराला माहिती असतं, रोज मटेरियल लिफ्टमधून वर खाली करणाऱ्याला तिचा आवाज बदललेला आधी ऐकू येतो. म्हणजे माहिती साईटवर असतेच, ती आपल्यापर्यंत येत नाही.

का येत नाही, तर बोलणं कामगाराला परवडत नाही. त्याला समजत नाही म्हणून किंवा त्याला जिवाची पर्वा नाही म्हणून तो गप्प बसतो, हे मी मुळीच मानत नाही. बोललं की काम थांबतं, काम थांबलं की हजेरी किंवा उक्त्याचे (कामाच्या मापावर ठरलेले) पैसे बुडतात, मुकादम चिडतो, आणि मुकादमाकडे त्याची उचल असते, गावचं नातं असतं. एवढं सगळं पणाला लावून कोण सांगेल की साहेब, डक्टवरची (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवरची) प्लाय सरकलीये. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, बोलणं त्याला फुकट पडलं पाहिजे आणि बोलल्याचा उपयोग झालेला डोळ्यांना दिसला पाहिजे. मी पुण्याच्या आसपासच्या साईट्सचा अनुभव धरून लिहितोय, म्हणजे बिहार, झारखंड, बंगाल, यूपीचे गँग, मराठवाड्यातून आणि कलबुर्गी भागातून आलेली जोडपी, आणि मधे दोन तीन ठेकेदार. छोटे बिल्डर, साईट इंजिनिअर, सुपरवायझर, नुकतेच सेफ्टीत आलेले, सगळ्यांना हे करता येईल.

आधी पैशाचं बघा

हे सगळ्यात आधी करा, बाकीचं नंतर. काम सुरू होण्याआधी ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमधे तीन गोष्टी लिहून घ्या. सकाळची दहा पंधरा मिनिटांची मीटिंग कामाच्या वेळेत धरली जाईल. धोक्यामुळे काम थांबलं तर थांबलेल्या वेळेचे पैसे मिळतील. आणि परांची, जाळी, रेलिंग, लाइफलाइन (बेल्टचा हुक अडकवायचा दोर) यांचा रेट वेगळा लावलेला असेल, तो सेंट्रिंगच्या (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) किंवा प्लास्टरच्या फूटाच्या भावात मिसळलेला नसेल. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण रेलिंगचे पैसे जर फूटाच्या भावातच धरलेले असले तर ठेकेदार पहिली काटकसर तिथेच करणार.

थांबलेल्या वेळेचे पैसे म्हटलं की मॅनेजमेंट घाबरते, म्हणून आकडा मांडून दाखवायचा. धरून चला की हजेरी 700 रुपये आणि आठ तासांची आहे. दहा जणांचा गँग एक तास थांबला तर 875 रुपये होतात. एका ट्रान्झिट मिक्सरच्या काँक्रीटपुढे हा आकडा काहीच नाही. उक्तं काम असेल तरी हाच हिशोब लावायचा, म्हणजे थांबलेला वेळ हजेरीच्या भावाने द्यायचा. हे लिहून झालं की मुकादमाला आणि गँगला तोंडी सांगा, हिंदीत सांगा, आणि पहिल्यांदा काम थांबेल तेव्हा त्याच आठवड्याच्या खर्चीत (आठवड्याला हातात मिळणाऱ्या पैशांत) ते पैसे दिसू द्या. नुसतं सांगून कुणी विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये, आधी बऱ्याच साईट्सवर त्यांचे पैसे अडकलेले असतात.

दंडाचं पण इथेच सांगतो. हेल्मेट नसलं की पैसे कापायचे हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. माझ्या मते तो बंद करावा. दंड लावला की कामगार तुम्हाला बघून हेल्मेट घालतो आणि तुम्ही पाठ फिरवली की काढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दिसलात की बोलायचं सोडून लपतो. हेल्मेट, बूट, बेल्ट यांचे पैसे तर कामगाराकडून घेताच येत नाहीत, ती मालकाची जबाबदारी आहे.

मुकादमाला वगळून काही होत नाही

नवीन सेफ्टीवाले उत्साहात थेट कामगारांशी बोलायला जातात आणि मुकादमाला बाजूला ठेवतात, मग तो रात्री कॅम्पमधे दोन वाक्यांत सगळं पुसून टाकतो. म्हणून आधी त्याच्याशी एकट्याने बसा, चहा घेऊन, ऑफिसच्या बाहेर. त्याच्या अडचणी ऐका. बहुतेक वेळा तो सांगेल की प्लायच चांगला देत नाहीत, पाइप वाकलेले आहेत, क्लिपा पुरत नाहीत, स्लॅबची तारीख मात्र पक्की सांगतात. हे सगळं सेफ्टीचंच आहे, त्याला तो तसं म्हणत नाही एवढंच. त्यातलं एखादं काम त्याच्या नावाने करून द्या, म्हणजे गँगला कळलं पाहिजे की मुकादमाने सांगितलं म्हणून नवीन क्लिपा आल्या.

आणि मग त्याच्याकडून एक गोष्ट मागा, त्याच्या गँगमधला कुणी धोका सांगायला आला तर त्याला रागवायचं नाही. आठवड्याच्या प्रोग्रेस मीटिंगमधे किती स्क्वेअर फूट झालं याच्याबरोबर तुझ्या गँगकडून काय काय कळलं हेही विचारायचं, सगळ्या मुकादमांसमोर. ज्याच्या गँगकडून काहीच येत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. तिथे सगळं छान चाललंय असा अर्थ काढू नका, तिथे लोक घाबरलेले असण्याची शक्यता जास्त.

एक फेरी, एक प्रश्न, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम झालेलं

भाषण, बॅनर, शपथ यांच्या आधी हे करा. प्रत्येक ट्रेडमधला एक जण घ्या, सेंट्रिंगवाला, स्टील फिटर, गवंडी, बिगारी, इलेक्ट्रिशियन, आणि त्याच्याबरोबर तो जिथे काम करतो तिथे फिरा. एकच प्रश्न विचारा, "भैया, यहाँ काम करते हुए सबसे ज़्यादा डर कहाँ लगता है?" पहिल्यांदा तो म्हणेल, "सब ठीक है साहब." मग दुसरा प्रश्न, "तुम्हारा छोटा भाई कल से यहाँ काम पे आए तो उसको कहाँ जाने से मना करोगे?" याला उत्तर येतंच. जिन्यात उजेड नाही, बाल्कनीच्या कडेला उभं राहून पाइप ओढून घ्यावे लागतात, वरून ब्रेकर चालू असतो आणि खालून यायची वाट तीच आहे, सळयांची टोकं उघडी आहेत.

ऐकलेल्यातलं जे एका दिवसात होण्यासारखं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी झालेलं पाहिजे. जिन्यात बल्ब, सळयांच्या टोकांना कॅप, डक्टला पक्की खिळ्यांनी ठोकलेली फळी आणि तिच्यावर लाल रंग. मोठी कामं असतील तर तारीख सांगा आणि ती पाळा. पाण्याचा जार, बायकांसाठी कडी लागणारा संडास, पायाच्या मापाचे बूट, या गोष्टी पण सांगितल्या जातील, त्यांना हे सेफ्टीत येत नाही म्हणून टाळू नका. ज्या बाईला दिवसभर संडासला जाता येत नाही म्हणून ती पाणी पीत नाही आणि एप्रिलच्या उन्हात डोक्यावर घमेलं घेऊन चढते, तिला चक्कर आली तर तो अपघातच आहे.

लेबर कॅम्पमधे पण एक फेरी माराच. 29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर रात्री पडली आणि 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती, बरेचसे बिहारच्या कटिहारकडचे होते. ती माणसं त्या वेळी कामावर नव्हती, झोपलेली होती. भिंतीलगत राहणाऱ्याला भिंतीची भेग, झिरपणारं पाणी, खचलेली माती रोज दिसते, म्हणून पावसाळ्याच्या आधी कॅम्पमधल्या लोकांना, विशेषतः दिवसभर तिथे असणाऱ्या बायकांना विचारा की कुठे काय हललंय.

सकाळची टूलबॉक्स मीटिंग

टूलबॉक्स मीटिंग म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीची सेफ्टीची छोटी चर्चा. गेटवर शंभर जणांना उन्हात उभं करून मराठीत किंवा इंग्रजी मिसळलेल्या हिंदीत वीस मिनिटं बोलणं म्हणजे वेळ घालवणं आहे. गँगप्रमाणे करा, दहा पंधरा जण, दहा मिनिटं, जिथे आज काम करायचंय तिथेच. एका दिवशी एकच विषय. आणि बोलायचं कमी, विचारायचं जास्त.

उदाहरण देतो. आज बाहेरच्या बाजूने प्लास्टर आहे. "बेल्ट लगाना ज़रूरी है" हे त्यांनी हजार वेळा ऐकलंय. त्याऐवजी विचारा, "आज हुक कहाँ लगाओगे? दिखाओ." बहुतेक ठिकाणी इथेच गाडी अडते, कारण हुक लावायला जागाच नसते, लाइफलाइन बांधलेली नसते, आणि माणूस ज्या परांचीवर उभा आहे तिच्याच पाइपला हुक अडकवतो, मग परांची गेली की तोही जाणार. हे कामगाराच्या तोंडून आलं की तुम्हाला तिथेच ठरवावं लागतं की आधी लाइफलाइन, मग काम. दुसरा प्रश्न, "कोई बेल्ट पे लटक गया तो उसको कौन निकालेगा, कैसे?" हार्नेसमधे, म्हणजे अंगभर बांधायच्या बेल्टमधे, लटकलेला माणूस तसाच राहिला तर पायात रक्त अडकतं आणि तो थोड्या वेळात बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून 108 ला फोन लावून वाट बघणं पुरत नाही. शिडी कुठे, दोर कुठे, वरच्या माळ्यावरून कोण ओढणार, हे गँगनेच ठरवायचं आणि एकदा करून बघायचं. अशी मीटिंग लोकांना लक्षात राहते कारण त्यात त्यांचं डोकं वापरलेलं असतं.

काही दिवसांनी मीटिंग घ्यायचं काम आळीपाळीने कामगारांना द्या. जुना मिस्त्री असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा, त्याला आदल्या दिवशी सांगा की उद्या कटर मशीनवर तू बोलायचंस, गार्ड काढून का चालवतात आणि काय होतं ते. तो त्याच्या भाषेत, त्याने बघितलेलं सांगतो, आणि पोरं ऐकतात. भाषेचं पण नीट बघा, सगळ्या गँगना हिंदी येते असं आपण धरून चालतो. मालद्याकडून नुकताच आलेला पोरगा किंवा झारखंडचा संथाली बोलणारा, तो मान हलवतो पण समजलेलं नसतं. ज्याला दोन्ही भाषा येतात असा गँगमधलाच एक जण शोधा आणि शेवटी नव्या माणसाकडून परत वदवून घ्या. अंगठा किंवा सही नंतर घ्या, आधी नाही.

थोडक्यात वाचलो, हे सांगायची सोय

वरून वीट पडली, कुणाला लागली नाही, लोक हसले आणि काम सुरू. हीच वीट उद्या कुणाच्या तरी मानेवर पडणार आहे. हे सांगणं जेवढं सोपं तेवढं चांगलं. छापील फॉर्म कुणी भरत नाही. फोनवर व्हॉइस मेसेज पाठवता आला पाहिजे, कुठल्याही भाषेत, किंवा फोटो, किंवा चहाच्या वेळी तोंडी. नाव विचारायचं नाही. एक नंबर त्यासाठीच ठेवा, पण तो व्हॉट्सॲप ग्रुप नको, कारण ग्रुपवर मुकादम आणि ठेकेदार दोघंही असतात.

मग जेवायच्या जागेजवळ एक मोठा फळा लावा. काय सांगितलं, कुठे, कोण दुरुस्त करणार, झालं का. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोटो चिकटवा, आधीचा आणि नंतरचा. चोवीस तासांत त्या फळ्यावर काहीतरी उत्तर आलंच पाहिजे, "मटेरियल मागवलंय, तोपर्यंत तो जिना बंद" एवढं असलं तरी चालेल. सांगितलेलं अनुत्तरित पडून राहिलं की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही.

आणि सांगणाऱ्याला पहिला प्रश्न "तू तिथे काय करत होतास?" हा कधीच विचारू नका, इंजिनिअर लोकांना ही सवय फार आहे. आधी "अच्छा किया बताया" म्हणा, मग "वहाँ क्या बदलना चाहिए?" विचारा. दुरुस्ती बऱ्याचदा त्यालाच माहिती असते आणि ती स्वस्तातली असते.

काम थांबवायचा हक्क, खरोखरचा

2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीये. तिच्यात कामगाराला सेफ्टीची माहिती मागायचा हक्क आहे, आणि जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती वाटली तर ते मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत सांगायचा, आणि सोबतच सरकारी निरीक्षकालाही कळवायचा हक्क आहे. तसा धोका आहे हे पटलं की मालकाने लगेच उपाय करायचा असतो. हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगा, पण खरी परीक्षा पहिल्यांदा कुणीतरी काम थांबवेल त्या दिवशी होते.

समजा स्लॅबच्या आदल्या रात्री एक सेंट्रिंगवाला म्हणाला की खालचे टेकू तिरके आहेत, मी वर कुणाला जाऊ देणार नाही. पंप बुक झालाय, प्लांटवरून गाड्या निघायच्या आहेत, सगळे वैतागलेले. त्या वेळी साईट इंचार्जने स्वतः खाली जाऊन त्या माणसासोबत बघायचं. तो बरोबर निघाला तर सकाळच्या मीटिंगमधे त्याच्या परवानगीने सगळ्यांना सांगायचं. चुकीचा निघाला, टेकू व्यवस्थित होते, तरी त्याचे आभारच मानायचे आणि त्याला समजावून सांगायचं की हे ठीक का आहे. त्या एका रात्री तुम्ही कसे वागलात हे तासाभरात अख्ख्या कॅम्पला कळतं. येरवड्यात 3 फेब्रुवारी 2022 च्या रात्री सळयांचा भला मोठा सांगाडा काम करणाऱ्यांवर कोसळून पाच जण गेले. रात्रीच्या शिफ्टला निर्णय घेणारा माणूस साईटवर नसतो आणि हे फार ठिकाणी असंच आहे, म्हणून रात्री काम थांबवायचा अधिकार कुणाकडे आहे त्याचं नाव आणि नंबर माळ्यावर लिहून ठेवा.

सुरक्षा समिती कागदावरून खाली आणा

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यापासून 50 किंवा जास्त कामगार असलेल्या साईटवर सुरक्षा समितीची पद्धत आपल्याकडे आहे, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नकोत, महिन्यातून एकदा तरी बैठक, आणि इतिवृत्त बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत. आता संहिता आली तरी हा साचा चांगलाच आहे, तुमच्याकडे तीसच माणसं असली तरी वापरा. प्रतिनिधी मुकादमाने नेमायचे नाहीत, गँगने निवडायचे, प्रत्येक ट्रेडमधून एक. बायका काम करत असतील तर त्यांच्यातल्या दोघी घ्या, एकटी बाई पंधरा पुरुषांत बोलत नाही. बैठकीच्या वेळेची हजेरी द्या. पहिला अर्धा वेळ फक्त कामगार बोलतील असा नियम ठेवा, नाहीतर इंजिनिअरच बोलत राहतात. इतिवृत्त वाचून दाखवा आणि मागच्या महिन्यात कबूल केलेलं काय झालं नाही तिथून सुरुवात करा.

हार्नेस आणि बूट विकत घेण्याआधी दोन तीन प्रकारचे नमुने समितीसमोर ठेवा. आयएस मार्क (भारतीय मानकाचा शिक्का) असलेलेच ठेवा, त्यात तडजोड नाही, पण त्यातलं कुठलं वापरायचं ते वापरणाऱ्यांना ठरवू द्या. ज्याने चार दिवस घालून निवडलंय तो ते घालतो.

नवा माणूस

होळी, छठ, दिवाळी झाली की निम्मा गँग बदललेला असतो. पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे, कारण त्याला साईट माहिती नसते आणि नाही म्हणायची हिंमत तर अजिबात नसते. त्याला वेगळ्या रंगाचं हेल्मेट द्या आणि जुना जोडीदार लावून द्या, शक्यतो त्याच्याच गावाकडचा. जोडीदाराला या कामाचे थोडे जास्त पैसे द्या. त्या पहिल्या आठवड्यातच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचं विचारा. वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामाचं काम, आणि ते 90 दिवसांचं प्रमाणपत्र बरेच ठेकेदार द्यायला टाळतात. तुम्ही ते मिळवून दिलंत तर हा माणूस आपल्या बाजूचा आहे हे त्याला कळतं आणि मग तो तुमच्याशी बोलतो.

बक्षिसांचं जपून

"शून्य अपघात" महिन्याला बक्षीस ठेवू नका. ठेवलं की बोट कापलेला पोरगा चिंधी बांधून काम करतो, कारण त्याच्यामुळे सगळ्या गँगचा कुकर किंवा छत्री जाणार असते. बक्षीस द्यायचंच तर धोका सांगितल्याबद्दल आणि तो दुरुस्त करायला मदत केल्याबद्दल द्या, लगेच द्या, रोख किंवा रिचार्ज. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो, त्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणाऐवजी वर्षभरात कामगारांच्या सांगण्यावरून काय काय बदललं त्याची फेरी काढा, आणि ज्याने सांगितलं त्यालाच तिथे उभं राहून दाखवू द्या, त्याची तयारी असेल तर.

सुरू केल्यावर पहिल्या महिना दोन महिन्यांत तक्रारी वाढतील. मॅनेजमेंट म्हणेल, आधी सगळं ठीक होतं, तुम्ही आल्यापासून कटकटी वाढल्या. त्यांना आधीच सांगून ठेवा की हा आकडा वाढायलाच हवा, आणि त्यासोबत दुसरा आकडा दाखवत राहा, सांगितल्यापासून दुरुस्त होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले. तो कमी होत गेला पाहिजे. तिसरी गोष्ट आकड्यात येत नाही पण फिरताना कळते, तुम्ही माळ्यावर आलात की लोक घाईघाईने हेल्मेट शोधतात, की हात वर करून "साहब, इधर आओ, ये देखो" म्हणतात.